आउटबॅकमध्ये पहिल्यांदा जाताना: पाणी, पेट्रोल आणि बदलती सोबत

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या ॲडलेडहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो. पाच आठवड्यांनी मी उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनला पोचले तेव्हा त्या दोघांपैकी कुणीच माझ्याबरोबर नव्हतं. एक जण कूबर पीडीला उतरला, दुसरी ॲलिस स्प्रिंग्जला. वाटेत आणखी पाच जण आले आणि आपापल्या वाटेने गेले. आउटबॅकमधला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पोटातल्या ओसाड मुलखातला, हा प्रवास बहुतेक बॅकपॅकर असाच करतात. तीन हजार किलोमीटरचं पेट्रोल एकट्याच्या खिशाला झेपत नाही, आणि पाच-सहा आठवडे सगळ्यांनाच एकसारखे मोकळे मिळत नाहीत. म्हणून सोबत बदलत जाते.

या लेखात तयारीचं सगळं आहे, पण सर्वात जास्त जागा मी सोबतीला दिली आहे. पाणी किती न्यायचं हे कोणीही सांगेल. गाडीतला माणूस बदलला की पाण्याचा, पैशाचा आणि घरी कळवण्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सह्याद्रीत भटकलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगते, कारण मीही त्यातलीच. आपल्याकडे वाट चुकली तर उतार धरून खाली आलं की तास-दोन तासांत एखादी वाडी लागते, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. गडावर टाकं असतं. ‘थोडं चाललं की काहीतरी सापडेल’ हा विश्वास आपल्या अंगात मुरलेला असतो. आउटबॅकमध्ये तोच विश्वास जिवावर बेततो. तिथे थोडं चाललं की आणखी तेवढीच मोकळी जमीन लागते. तो विश्वास घरी ठेवून या.

महिना, व्हिसा आणि विमानतळावरची पिशवी

मे ते सप्टेंबर हाच काळ. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथे हिवाळा. मध्यभागी दिवसा वीस अंशांच्या आसपास, आकाश निरभ्र. रात्री मात्र ॲलिस स्प्रिंग्जला जुलैत पारा चार अंशांपर्यंत सहज उतरतो, कधी शून्याखालीही जातो. वाळवंट म्हणजे उकाडा असं धरून पातळ स्लीपिंग बॅग आणलेले किती तरी जण मी पहाटे गाडीचा हीटर लावून बसलेले पाहिले. डिसेंबर ते फेब्रुवारीत मध्यभागी चाळीसच्या वर तापमान जातं आणि उत्तरेला, कॅथरीनच्या पुढे, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो. त्या महिन्यांत पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊच नये.

फक्त फिरायचं असेल तर ६०० क्रमांकाचा पर्यटक व्हिसा. त्यावर काम करता येत नाही. २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाही मिळू लागला आहे. वर्षाला १,००० जागा, आणि निवड सोडतीने. वाटेत भेटणारी युरोप, तैवान, जपान, कोरियाची तरुण मंडळी बहुतेक अशाच काम-आणि-भटकंतीच्या व्हिसावर आलेली असतात.

आपलं लायसन्स इंग्रजीत असतं, तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो. तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात. जर्मन किंवा फ्रेंच सोबत्यांपेक्षा आपण इथे एक पाऊल पुढे असतो, म्हणून पहिल्या दिवशी शहरातून गाडी बाहेर काढायचं काम आपण घ्यावं.

आईने दिलेला डबा विमानतळावर पकडला जातो, हे मात्र लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलिया अन्नाच्या बाबतीत फार कडक आहे. पेढे, बर्फीसारखी दुधाची मिठाई चालत नाही, ताजा कढीपत्ता चालत नाही. बाकी जे काही खाण्याचं असेल ते उतरताना मिळणाऱ्या कार्डावर लिहून दाखवा. लिहिलं आणि नाही चाललं तर ते फक्त काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. पोहे, डाळ, तांदूळ, मसाले ॲडलेडच्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं, तिथूनच शिधा भरा. प्रवासात राज्याची हद्द ओलांडतानाही काही ठिकाणी फळं-भाज्या टाकून द्याव्या लागतात, कारण फळमाशीची भीती. तेव्हा चार दिवसांची केळी एकदम घेऊ नका.

पहिल्या खेपेला डांबरी रस्ता

ऊडनाडाटा ट्रॅक, तनामी, गिब रिव्हर रोड ही कच्च्या रस्त्यांची नावं ऐकून हात शिवशिवतात. ती दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या नाळ्या पडलेल्या असतात, त्यावर गाडीचा एकेक नट सैल होतो. पाऊस पडला की रस्ताच बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. भाड्याच्या साध्या गाडीला बहुतेक कंपन्या डांबर सोडू देत नाहीत.

स्टुअर्ट हायवे धरा. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सगळा डांबरी. जॉन मॅकडुआल स्टुअर्ट १८६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्याला पोचून परत आला, त्याच्या मार्गाच्या बाजूने हा रस्ता जातो. अंतरं अशी: ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी २५४ किलोमीटर, आणि मध्ये एकही पंप नाही. कूबर पीडी ते ॲलिस स्प्रिंग्ज जवळपास ७००. ॲलिस ते टेनंट क्रीक सुमारे ५००. टेनंट क्रीक ते कॅथरीन साधारण ६७०, आणि तिथून डार्विन सव्वातीनशेच्या आत. मध्ये रोडहाउस लागतात, म्हणजे पंप, खानावळ, खोल्या आणि तंबूची जागा एकत्र. टाकी अर्धी झाली की पुढचा पंप कितीवर आहे ते न बघता भरा. उलुरूला, म्हणजे त्या प्रसिद्ध तांबड्या खडकाला, जायला एर्लडंडा रोडहाउसला वळायचं. ॲलिसहून उलुरू साडेचारशे किलोमीटर दूर आहे. दोन्ही शेजारी आहेत असं समजून एका दिवसात जाऊन यायचा बेत करणारे दर आठवड्याला भेटतात.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या पंपांवर साध्या पेट्रोलच्या जागी ‘ओपल’ नावाचं पेट्रोल दिसेल. दुर्गम वस्त्यांमध्ये पेट्रोल हुंगण्याचं व्यसन मुलांचे बळी घेत होतं, म्हणून २००५ पासून वास घेऊन नशा होणार नाही असं हे इंधन आणलं. साध्या पेट्रोलवर चालणारी गाडी त्यावर नीट चालते. माझ्या एका सोबत्याने घाबरून ते भरायला नकार दिला होता, म्हणून मुद्दाम लिहिते.

सोबत शोधताना

हॉस्टेलचा फळा, बॅकपॅकरचे फेसबुक गट, फळबागेत बरोबर काम केलेली माणसं, अशी सोबत मिळते. मिळणं सोपं आहे. निवडणं अवघड, कारण शहरात कॉफी पिताना सगळेच छान असतात.

मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाबरोबर निघत नाही. पहिला: तुला कुठे, किती तारखेला पोचायचंच आहे? हा मी पहिल्या खेपेला विचारला नाही आणि त्यावरूनच आमचं भांडण झालं. आमच्यातल्या एकीचं ॲलिसहून दुपारचं विमान होतं, ते तिने कूबर पीडी सोडल्यावर सांगितलं. संध्याकाळी पाचला आम्ही मार्लाला होतो, पुढे साडेचारशे किलोमीटर. तिला रात्रीच गाठायचं होतं. मी नाही म्हटलं. संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, शिवाय आमच्या भाड्याच्या गाडीचा विमा गावाबाहेर सूर्यास्तानंतर लागूच नव्हता. रडारड झाली. पहाट फुटल्यावर निघालो आणि विमानाच्या चाळीस मिनिटं आधी पोचलो. वाटेत रस्त्याच्या कडेला मेलेली जनावरं मोजून ती स्वतःच गप्प झाली होती. ज्याच्या खिशात ठरलेलं तिकीट आहे तो सगळ्यांना घाई करायला लावतो, आणि आउटबॅकमध्ये घाई म्हणजे रात्रीचं ड्रायव्हिंग. तारीख आधी कळली तर बेतच तसा आखता येतो.

दुसरा: गाडी चालवतोस का, गिअरची चालवतोस का, आणि किती वर्षं? काही जणांनी फक्त ऑटोमॅटिक चालवलेली असते. रोज सहा तास चालवायचं तर निदान दोघं चालवणारे हवेत, आणि दोघांचीही नावं विम्यात हवीत.

तिसरा: काही औषध चालू आहे का? दमा, मधुमेह, मधमाशीची ॲलर्जी, फिट्स. हे विचारायला संकोच वाटतो. पण जवळचं हॉस्पिटल चारशे किलोमीटरवर असताना कुणाचा पंप कुठल्या कप्प्यात आहे हे सगळ्यांना माहीत हवं. मी आधी स्वतःचं सांगते, मग समोरचाही सांगतो.

एवढं झालं की एक चाचणी रात्र काढा. आम्ही फ्लिंडर्स रेंजेसमध्ये काढली. डोंगर सुंदर आहेतच, आणि तिथून पोर्ट ऑगस्टा जवळ. नाही जमलं तर बस धरून माणूस ॲडलेडला परत जाऊ शकतो. त्या एका रात्रीत कळतं की कोण तंबू लावायला हात लावतो, कोण भांडी तशीच टाकतो, आणि पाणी सांडल्यावर कुणाचा चेहरा बदलतो. ज्याचा बदलतो त्याला सोडू नका.

मुलींसाठी वेगळं सांगते. पहिली भेट हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, चार माणसांत. पासपोर्ट आणि लायसन्सचे फोटो एकमेकांना दाखवून घरी पाठवायचे, आणि हे सगळ्यांनीच करायचं, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. जो याला वाकडं तोंड करतो त्याच्याबरोबर जायचं नाही. गाडीची किल्ली कधीही एकाच माणसाकडे राहू द्यायची नाही. मन कचरलं तर कारण शोधत बसू नका, ‘माझा बेत बदलला’ एवढं पुरेसं आहे. रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट मागू नका, देऊही नका. २००१ मध्ये याच हायवेवर बॅरो क्रीकजवळ एका ब्रिटिश प्रवाशाचा खून झाला. त्याची गाडी एका अनोळखी माणसाने बिघाड आहे असं सांगून थांबवली होती. कुणी रस्त्यात हात केला तर काच थोडी खाली करून पाणी हवंय का विचारा, आणि पुढच्या रोडहाउसला खबर द्या.

पैशांचा डबा

आम्ही एक रिकामा कॉफीचा डबा ठेवला होता. प्रत्येकाने सारखी रक्कम टाकायची, त्यातून पेट्रोल, तंबूची जागा, गॅस. संपला की पुन्हा सारखी भर. जेवण त्यात धरायचं की नाही ते आधी ठरवा. मी शाकाहारी, बाकीचे रोज मांस घेणारे, म्हणून आम्ही तांदूळ-डाळ-भाज्या डब्यातून आणि बाकी ज्याचं त्याने असं केलं. उलुरूसारख्या राष्ट्रीय उद्यानांचे पास माणशी असतात, ते आपापले.

गाडी कुणा एकाच्या मालकीची असेल तर खरा प्रश्न दुरुस्तीचा. पंक्चर सगळ्यांचं, जुनं इंजिन मालकाचं, असा नियम ठरवा. बाकी मधलं काय, ते कागदावर लिहून सह्या करा. तुम्हाला हे परकेपणाचं वाटेल. पण उन्हात, बंद गाडीशेजारी उभं राहून पैशांचं बोलायची वेळ आली की तो कागदच मैत्री टिकवतो. जुनी गाडी विकत घेणार असाल तर नोंदणी, म्हणजे तिथल्या बोलीत ‘रेगो’, कोणत्या राज्याची आहे आणि किती महिने शिल्लक आहे ते बघा. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत.

गाडीत काय असायलाच हवं

पाणी: दिवसाला माणशी दहा लिटर, आणि निदान तीन दिवसांचं कायम शिल्लक. तिघांसाठी नव्वद लिटर. ते एकाच टाकीत ठेवू नका. एक टाकी फुटली की सगळं गेलं, म्हणून वीस-वीस लिटरचे कॅन. रोडहाउसच्या नळाला बोअरचं पाणी असतं. ते कधी कधी इतकं खारट असतं की धुण्यापुरतंच. पाटी वाचा, विचारा. तहान लागल्यावर विहीर खणू नये असं आपण बोलण्यापुरतं म्हणतो, इथे ते रोज सकाळी कॅन मोजून पाळायचं.

दोन स्टेपनी शक्य असतील तर दोन. जॅक चालतो का आणि वाळूत रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायला फळी आहे का, हे निघण्याआधी एकदा चाक बदलून बघा, आणि चाक गाडीतल्या प्रत्येकाला बदलता यायला हवं. कापडी नकाशा किंवा पुस्तकातला नकाशा, कारण फोनला गावाबाहेर रेंज नसते. सिमकार्ड टेल्स्ट्रा कंपनीच्या जाळ्यावरचं घ्या, तरीही गाव सुटलं की फोन हा कॅमेराच समजा. म्हणून आपत्कालीन बीकन हवा. ४०६ मेगाहर्ट्झचा हातात मावणारा पीएलबी भाड्यानेही मिळतो. बटण दाबलं की उपग्रहामार्फत शोधपथकाला तुमची जागा कळते. स्वतःचा घेतलात तर त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरीटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे फुकट होते. रेंज असेल तिथे आणीबाणीचा नंबर ०००.

यूएचएफ रेडिओ जमला तर घ्या. हायवेवर ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर बोलतात. त्यांचे रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात, एका इंजिनामागे तीन-चार डबे. मागे टाकायचं असेल तर रेडिओवर विचारा, आणि समोर किमान एक-दीड किलोमीटर रिकामा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर काढू नका. समोरून आला तर वेग कमी करून स्टिअरिंग घट्ट धरा, त्याच्या हवेचा झोत गाडी ढकलतो. आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरून एक बोट वर करून सलाम करायची तिथे पद्धत आहे. मला ती फार आवडली. दोनशे किलोमीटरात भेटलेला तो एकच माणूस असतो.

झोपायला ‘स्वॅग’ मिळतो, जाड कॅनव्हासची गादीसकट वळकटी. जुना विकत घ्या, डार्विनला पुढच्याला विका. डोक्यावरून घालायची माश्यांची जाळी दोन-चार डॉलरची असते आणि तिच्यावाचून जेवता येत नाही.

स्वयंपाकाचं आपल्याला सोपं आहे. वणव्याच्या धोक्यामुळे काही दिवशी उघड्यावर जाळ करायला पूर्ण बंदी असते. त्या दिवशी माझे सोबती कोरडा ब्रेड खात बसायचे आणि मी पातळ पोहे, दाणे, कांदा, लिंबू असं कालवून सगळ्यांना द्यायचे. तिसऱ्या दिवसापासून सगळे ‘पोहा’ मागायला लागले. बंदी नसेल तेव्हा निखाऱ्यात भाजलेला ‘डॅम्पर’ नावाचा पाव करून बघा. कणीक, पाणी, मीठ, वर राख झटकून खायचा. आपल्या पानग्याचा लांबचा भाऊ.

गाडी बंद पडली तर

गाडी सोडून जायचं नाही. हा एकच नियम पाठ करायचा असेल तर हा. आकाशातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. गाडी सावली देते, तिच्यात पाणी असतं. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब इंधन संपल्यावर गाडी सोडून पाण्याच्या शोधात निघालं आणि पाचही जण दगावले. बॉनेट उघडं ठेवा, सावलीत बसा, पाणी जपून नको, तहान लागेल तसं प्या, आणि जिवाला धोका आहे असं वाटलं की बीकन दाबा. आजारी माणसाला न्यायला रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान येतं. १९२८ पासून ही सेवा चालू आहे आणि कित्येक रोडहाउसमागे तिच्यासाठी धावपट्टी आहे.

सोबत बदलायची ती गावात

आता मुख्य गोष्ट. रस्त्यात कितीही बिनसलं तरी माणूस मध्येच उतरवायचा नाही, मध्येच उतरायचंही नाही. सोबत बदलायची ती जिथे बस किंवा विमान आहे, हॉस्टेल आहे, दवाखाना आहे अशाच गावी: पोर्ट ऑगस्टा, कूबर पीडी, ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, कॅथरीन. रोडहाउस हे गाव नव्हे. भांडण झालंच तर ‘पुढच्या गावापर्यंत’ एवढाच करार करा आणि तो पाळा. पंढरीच्या वारीत दिंडीतल्या माणसाला आपण वाटेत टाकत नाही, मग त्याच्याशी कितीही अबोला असो. तेच इथे.

या देशाच्या इतिहासात याचं फार दुःखद उदाहरण आहे आणि त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८६० च्या ऑगस्टमध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून उत्तर किनाऱ्याकडे निघाली. तिच्यासाठी २४ उंट कराचीहून नेले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर त्यांना हाकणारी माणसंही गेली. पुढच्या दशकांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तानातून आलेल्या अशा उंटवाल्यांनीच आउटबॅकमधला माल वाहिला. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, आणि ॲडलेड-डार्विनच्या ‘द घॅन’ रेल्वेचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. मॅरी या गावी त्यांची वस्ती होती.

बर्कच्या तुकडीत सुरुवातीपासून भांडणं. उंटांचा प्रमुख ऑक्टोबरमध्येच राजीनामा देऊन गेला. मग बर्कने माणसं दोनदा वाटली: काही मागे मेनिंडीला, काही कूपर्स क्रीकच्या तळावर, आणि चौघं पुढे. चार महिन्यांनी त्यातले जिवंत तिघं कूपर्स क्रीकला परतले, २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी. तळावरची माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. जाताना त्यांनी झाडावर खूण कोरून खाली अन्न आणि चिठ्ठी पुरली होती. या तिघांनी ती काढली, आपली चिठ्ठी ठेवली, खड्डा पुन्हा बुजवला, पण झाडावरची खूण बदलली नाही. काही दिवसांनी तळाचा प्रमुख परत येऊन बघून गेला. त्याला काहीच हललेलं दिसलं नाही, म्हणून त्याने खणलं नाही. बर्क आणि विल्स मेले. तिसरा, किंग, तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी सांभाळला म्हणून वाचला.

मी ही गोष्ट वाचली तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. सोबत बदलली की त्याच दिवशी घरी कळवायचं. माझा भाऊ साताऱ्यात. ॲलिसचं घड्याळ भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे आहे, म्हणून माझे संध्याकाळचे सात म्हणजे त्याचे दुपारचे तीन. त्याला निरोप जायचा: गाडीचा नंबर, आता गाडीत कोण आहे त्यांची नावं, उद्याचा रस्ता, मुक्काम, आणि ‘परवा रात्रीपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना सांग’. बेत बदलला की आधीचा निरोप रद्द करून नवा. अर्धवट जुना बेत घरच्यांकडे राहिला तर लोक चुकीच्या रस्त्यावर शोधत बसतील.

नवा माणूस गाडीत आला की सगळं पुन्हा करायचं, कंटाळा आला तरी. पाणी पुन्हा मोजा, कारण तोंडं वाढली. विम्यात नाव घाला. चाक कसं बदलायचं, बीकन कुठे आहे, औषधांची पिशवी कुठली, हे त्याला हात लावून दाखवा. डबा मोजून जुन्या माणसाला त्याचा वाटा द्या, मग नव्याने भरा. जाणाऱ्याकडून किल्ली घ्यायला विसरू नका. आम्ही टेनंट क्रीकहून पन्नास किलोमीटर परत गेलो होतो त्यासाठी.

ज्यांची जमीन आहे ते लोक

तुम्हाला रिकामी वाटणारी ही जमीन रिकामी नाही. उलुरू अनांगु लोकांना २६ ऑक्टोबर १९८५ ला परत मिळालं आणि त्याच तारखेला २०१९ मध्ये त्यावर चढणं कायमचं बंद झालं. त्याच्याभोवती साडेदहा किलोमीटरची पायवाट आहे, सूर्योदयाला सुरू करा. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. त्या जागा त्यांच्यासाठी फार पवित्र आहेत, कॅमेरा खाली ठेवा. उलुरूजवळच्या काटा त्जुटा या खडकांच्या समूहातली ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ वाट ३६ अंशांचा अंदाज असला की सकाळी अकराला बंद करतात. हायवे सोडून आदिवासींच्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्यांना, उदाहरणार्थ ग्रेट सेंट्रल रोडला, आधी परवाना लागतो. बऱ्याच वस्त्यांमध्ये दारू नेणं गुन्हा आहे, गाडीत न उघडलेली बाटली असली तरी. नव्या सोबत्याला हे आधी सांगा.

कूबर पीडीला फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका. १९१५ पासून ओपल नावाचं रत्न शोधत खणलेले खड्डे जमिनीत उघडे आहेत. कॅथरीनच्या पुढे कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी मगरीची पाटी बघा. पाटी नसेल तर स्थानिकाला विचारल्याशिवाय उतरू नका.

डार्विनला पोचलात की घरी फोन करून ‘प्रवास संपला, आता वाट बघू नका’ असं स्पष्ट सांगा, आणि वाटेत ज्या रोडहाउसला तुमचा बेत सांगितला असेल तिथेही कळवा. मग पाण्याचे कॅन आणि स्वॅग घेऊन हॉस्टेलच्या फळ्यापाशी जा. दक्षिणेकडे निघालेलं कुणीतरी तिथे उभं असतंच.